धाब्याच्या घराला पाहुणे

चिपळूणला आमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. दिवे, पंखे, बटणं, वायरी. नवं घर बांधणारा माणूस सगळ्यात शेवटी आमच्याकडे येतो. तोवर बाकीचं सगळं ठरून गेलेलं असतं आणि त्याच्या चेहऱ्यावर घरातल्या भांडणांचा थकवा दिसत असतो. घरं कशी बांधतात ते मला थोडंफार कळतं, पण घर बांधताना माणसं कशी वागतात ते मात्र पक्कं ठाऊक आहे. म्हणून माझी वसतिगृहातली मैत्रीण रेखा फोनवर म्हणाली, "शुभे, आमच्या नव्या घरात दिवे कुठे लावायचे ते तू येऊन सांग," तेव्हा मी मनात म्हटलं, गाडी दिव्यांवर अडलेली नाही.

रेखाचं माहेर धुळ्याचं, सासर एरंडोलजवळच्या एका खेड्यात. लग्नापासून ती मला बोलावत होती आणि मी दुकानाचं निमित्त सांगून टाळत होते. शेवटी निघाले ती ऐन एप्रिलात. "लोक या दिवसांत खानदेशातून बाहेर पडतात आणि तू आत चाललीस," असं म्हणून आमच्या ह्यांनी माझ्या पिशवीत कांदा ठेवला. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून. तो कांदा मी तिकडे भाकरीबरोबर खाऊन टाकला.

भुसावळ

मला खरं म्हणजे जळगावला उतरायचं होतं, पण रेखाचा मुलगा निलेश म्हणाला, "मावशी, भुसावळलाच उतरा. मला विटा बघायच्या आहेत, तुम्हीही बघाल." नवख्या पाहुण्याला कुणी देवळात नेतं, कुणी धरणावर. मला विटा दाखवायला नेलं. गाडी सकाळी पोचली तेव्हाच फलाटावरची हवा तव्यावरून आल्यासारखी लागत होती. निलेश शिडशिडीत, उन्हानं रापलेला, शेतीचं शिक्षण घेऊन स्वतःच्या रानात कापूस लावणारा मुलगा. त्यानं माझी पिशवी घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "चिपळूणला किती ऊन असतं?" मी म्हटलं, "आमच्याकडे घाम असतो." तो समजूतदारपणे हसला.

भुसावळजवळ औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथे कोळसा जळतो आणि ढीगभर राख उरते. त्या राखेच्या विटा पाडणारे कारखाने आसपास आहेत, त्यातल्या एकात आम्ही गेलो. मला वाटलं होतं भट्टी असेल, धूर असेल. तसलं काही नाही. राख, चुना, दगडाची कच असं कालवतात, यंत्रात दाबतात आणि करड्या रंगाच्या गुळगुळीत विटा रांगेनं मांडून त्यांच्यावर पाणी मारत बसतात. भाजायचं नावच नाही. आमच्याकडे कोकणात जांभा चिरा जमिनीतून कापून काढतात आणि तोच भिंतीत बसतो, त्यामुळे न भाजलेल्या भिंतीचं मला अप्रूप नव्हतं. पण राखेची भिंत म्हटल्यावर मी नाक मुरडलंच.

"अरे, कोळशाची राख घरात आणायची आणि वर पर्यावरण म्हणायचं?"

"मावशी, लाल वीट कशाची होते? शेतातल्या मातीची. वरची चांगली माती खरवडून नेतात आणि लाकूड-कोळसा जाळून भाजतात. ही राख तर निघणारच आहे. उडून लोकांच्या नाकात जाण्यापेक्षा भिंतीत बसलेली बरी."

मी दोन विटा एकमेकींवर आपटून बघितल्या. खणखणीत आवाज आला. त्यानं एक वीट खांद्याएवढ्या उंचीवरून सोडली, ती फुटली नाही. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि माझी क्रीम रंगाची साडी निरीपासून पदरापर्यंत करडी झाली. निलेशनं स्वयंपाकघराच्या उरलेल्या भिंतीपुरत्या विटा सांगितल्या आणि आम्ही निघालो. त्या साडीतली राख अजून पूर्ण निघालेली नाही.

एरंडोलच्या अलीकडे

गावात शिरताना मी वर बघत होते आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, छपरांना उतारच नाही. आमच्याकडे छप्पर म्हणजे उतरतं, कौलारू, पाणी लगेच खाली गेलं पाहिजे असं. इथे सगळं सपाट. नवी घरं स्लॅबची, मधली पत्र्याची आणि काही जुनी धाब्याची. महामार्गावर जेवायला थांबतात तो धाबा वेगळा. खानदेशात धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर कड्या म्हणजे बारीक लाकडी वासे आणि फळ्या, वर पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळकी झाडं, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पाणी न पिणारी खारी माती. उन्हाळ्यात त्यावर लोक झोपतात, बायका ज्वारीच्या बिबड्या नि पापड वाळत घालतात. मातीच्या छतावर माणूस चढतो ही गोष्ट माझ्या कोकणी डोक्यात शिरायला एक दिवस गेला.

रेखा दारातच होती. आम्ही आधी एकमेकींचे केस बघून हसलो आणि मग गळ्यात पडून रडलो. त्या क्रमानेच.

घराचं प्रकरण तिनं मला पहिल्याच चहाबरोबर सांगितलं. गेल्या मे महिन्यात पत्र्याखाली स्वयंपाक करताना ती चक्कर येऊन पडली. दवाखान्यातून आल्यावर निलेशनं ठरवलं की या पत्र्याखाली आई आणखी एक उन्हाळा काढणार नाही. राखेच्या विटांच्या भिंती, त्यांना मातीचा गिलावा, जुन्या लाकडाच्या तुळया आणि वर धाबं, असं घर त्यानं मांडलं. जिथे तिथे सिमेंट ओतायचं नाही, घर असं करायचं की पंख्यावर भागेल. पुढची खोली उभी राहिली होती, धाब्याचा मातीचा थर नुकताच पडला होता. त्या मातीत निलेशनं थोडा चुना कालवला होता. तो नीट धरावा म्हणून काही दिवस ओली गोणपाटं त्यावर पसरायची आणि मग खारी माती टाकायची, असं चाललं होतं.

आणि हे सगळं नानांना पसंत नव्हतं. नाना म्हणजे रेखाचे यजमान. पांढरी टोपी, भरदार मिशा, बोलण्यात कापूस आणि पाणी याशिवाय तिसरा विषय नाही. त्यांनी मला ओसरीवर बसवून आपली बाजू समजावली.

"ताई, पाहुणा घरमा येस ना, तो पहिले वर दखस. स्लॅब दखायना का बठस. मातीनं धाबं दखायनं का चहा बी घेत नही."

"कुठला पाहुणा?"

"पोऱ्याना लगीनना पाहुणा! मातीना घरमा कोन आंडेर दी, सांगा."

दखणं म्हणजे बघणं, आंडेर म्हणजे मुलगी. आता मला गाडी कुठे अडली आहे ते कळलं. निलेश शेतकरी, आणि आजकाल शेतकरी मुलाला मुलगी द्यायला लोक नाखूष. दोन-तीन ठिकाणी पत्रिका जुळूनही बोलणं पुढे गेलं नव्हतं. आता अमळनेरकडचं एक स्थळ होतं. मुलगी वैशाली, जळगावला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. निलेशला ती मनापासून आवडली होती. तिच्याबद्दल बोलता बोलता त्याचे कान लाल होत, त्यावरून कुणालाही कळलं असतं. तिकडच्यांनी एकच म्हटलं होतं, घर बघू. नाना म्हणत होते, पोराच्या हट्टापायी हेही स्थळ जाईल. निलेश म्हणत होता, जिला हे घर चालणार नाही ती आईला पुन्हा पत्र्याखाली बसवेल. दोघंही खरं बोलत होते, आणि दोघंही रेखाच्या जीवावर उठले होते.

निदान दिवे तरी झगमग असावेत, असं नानांचं म्हणणं. छताखाली दुसरं खोटं छत, त्यात निळे-जांभळे पळते दिवे. "दखनाराना डोया दिपनात पाहिजेत," ते म्हणाले. मी असलेच पळते दिवे चिपळुणात विकते, त्यामुळे मला काही मोठ्या तोंडानं बोलायची सोय नव्हती. तरी मी त्यांना पुढच्या खोलीत नेलं. जाड भिंत, पांढऱ्या मातीचा हात फिरवलेला, आणि छतात निलेशनं उजेडासाठी ठेवलेलं एक चौकोनी भोक, त्यावर जाड काच. दुपारचा एक उजेडाचा तुकडा जमिनीवर पडला होता आणि भिंतीवरून परतून खोलीभर पसरला होता. बाहेर अंग भाजत होतं आणि आत मी पदर सावरून घेतला, इतकं गार.

"नाना, इथे दिवसा दिवा लागणारच नाही," मी म्हटलं.

"तेच म्हनी राह्यनू," नाना खिन्नपणे म्हणाले, "लावाले जागाच नही."

धुळे

दुसऱ्या दिवशी मी आणि रेखा एस.टी.नं धुळ्याला गेलो. तिचा भाऊ तिथे जुन्या लाकडाचा धंदा करतो. मोडलेल्या घरांची दारं, खिडक्या, तुळया त्याच्या वखारीत उन्हात उभ्या असतात. नवं सागवान कापण्यापेक्षा हे लाकूड घ्यायचं, हेही निलेशचंच. तुळया त्यानं आधीच नेल्या होत्या, आता पुढचं दार आणि दोन खिडक्या राहिल्या होत्या.

दारं बघत फिरताना एका चौकटीपाशी रेखा थांबली. वरच्या पट्टीवर कुणीतरी वर्षानुवर्षं हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती, लाकडात मुरून गेलेली. भाऊ म्हणाला, "रंधा मारून देतो, नवी दिसेल." रेखा म्हणाली, "हात लावू नकोस. कुण्या बाईनं मनापासून लावलंय ते." तिनं तेच दार घेतलं. मला ते फार आवडलं आणि मी तिला तसं सांगितलंही. आमच्या घरात आम्ही जुनी चौकट काढून लोखंडी बसवली, त्याची मला तिथे उगाच चुटपुट लागली.

दुपारी रेखाच्या वहिनीनं शेवभाजी केली. खानदेशी शेवभाजीचा रस्सा लाल नसतो, काळा असतो, आणि कोकणातल्या माणसाला तो गप्प करतो. माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून धारा लागल्या. वहिनी घाबरून गूळ घेऊन आल्या. मी म्हटलं, "काही नाही, आणखी वाढा." तशाच लालबुंद डोळ्यांनी मी नंतर बाजारात दिव्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं मला बसायला खुर्ची दिली आणि हळू आवाजात बोलू लागला. घरात काही दुःखद झालं असावं अशी त्याची समजूत झाली होती.

दिवे घेताना मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध वागले. कमी दिवे घेतले. पुढच्या खोलीला पिवळसर उजेडाचे, भिंतीलगत खाली लावायचे दोन, म्हणजे भिंतच उजळते आणि डोळ्यांवर येत नाही. रेखाच्या ओट्यावर मात्र एक चांगला पांढरा, कारण भाजी निवडताना अळी दिसली पाहिजे. अंगणात सौरदिवा. एवढ्यात नानांचा फोन. नाना फोन कधी कानाला लावत नाहीत, तोंडासमोर धरून ओरडतात.

"ताई, पळता दिवा लिन्हात का?"

"नाही नाना. त्या निळ्या उजेडात मुलीचा रंगही कळणार नाही आणि मुलाचाही."

 "मंग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि फोन बंद केला.

मला वाटलं रागावले. रेखा म्हणाली, "नाही गं. परवापासून ते आतून बदललेत. रात्री त्या खोलीत जाऊन झोपतात, आणि सकाळी मला सांगतात की मांजर शिरलं होतं ते बघायला गेलो होतो."

घर बघायचा दिवस

मुलीकडची माणसं "घर बघायला येतो" असं म्हणत नाहीत. ते वाईट दिसतं. त्यांनी निरोप दिला होता, पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला येतोय, परत जाताना वाटेत चहाला थांबू. सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत होता. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया जवळ आली होती म्हणून रेखानं आमरस आणि खापरावरचे मांडे करायचे ठरवले. मातीच्या उलट्या खापरावर ती पुरणाचा मांडा हातावर फिरवत फिरवत टाकते, आणि तो धोतरासारखा पातळ होतो. मी एक करून बघितला. तो नकाशासारखा झाला. तो माझाच मी खाल्ला.

पण त्याआधीची पहाट सांगायला हवी. उजाडत होतं, निलेश विहिरीवर मोटारीचं बघायला गेला होता. मी चहाचा पेला घेऊन अंगणात आले तर नाना पुढच्या धाब्यावरून शिडीनं उतरत होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात रबरी नळी. चेहरा असा की मी त्यांना इतकं खूश आधी पाहिलंच नव्हतं.

"पानी दी टाकं बठ्ठाले," ते हळूच म्हणाले, म्हणजे सगळ्या धाब्याला. "पोऱ्या सांगस, चुनाले ओल लागस. गोणपाटमा काय ओल ऱ्हास? चारी बाजूले वाफा बांधा नि भरपूर दिन्हं."

"छान केलंत," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. आमच्या दुकानाच्या स्लॅबवर गवंड्यानं असंच पाणी साठवलं होतं, हे मला आठवलं. मला काय ठाऊक, मातीला ते चालत नाही म्हणून.

"निलेशले सांगू नका. तेन्हं तेले दखू द्या."

आयुष्यभर कापसाला पाण्याची पाळी देणाऱ्या माणसानं पोराच्या धाब्याला पाणी दिलं होतं. तोंडानं 'तुझं घर मला पटलं' असं म्हणणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी नळी उचलली होती. मला ते तेव्हा कळलं आणि भरून आलं. चुकलंय हे मात्र मलाही कळलं नाही.

पाहुणे दर्शन घेऊन यायचे होते, ते आधीच आले. मुलीचे मामा जीपमधून उतरत म्हणाले, "नाना, म्हटलं ऊन चढाना पहिले तुमना आठे चहा लेऊ, मंग दर्शन." खरं म्हणजे घर बेसावध असताना बघायचं होतं, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. घरात धावपळ उडाली. नानांनी घाईत धुतलेला सदरा चढवला, टोपी घातली आणि दारात आले. मामा, मुलीचे आईवडील आणि खुद्द वैशाली. साधा पोशाख, बारीक चष्मा, फारसं न बोलणारी. आल्या आल्या ती रेखाच्या, मग नानांच्या पाया पडली. निलेश विहिरीवरून धापा टाकत आला.

मंडळी पुढच्या खोलीत बसली. बाहेरून तापून आलेली माणसं आत गार झाली की कशी सैल होतात, ते मी बघत होते. वैशालीच्या आईनं कपाळ पुसलं आणि पदर खाली घेतला. वैशालीनं कुणाचं लक्ष नाही असं बघून भिंतीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. नाना माझ्याकडे बघून मिशीत हसले. मामांनी अर्थातच वर बघितलं.

आणि तेव्हाच काचेच्या कडेनं पहिला थेंब पडला. मामांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर, मातकट. मग दुसरा. मग कडीवरून एक ओघळ पांढऱ्या भिंतीवर उतरला, आणि बघता बघता खोलीत ठिकठिकाणी टपटप सुरू झाली. वैशाली उठली, कोपऱ्यातलं एक पातेलं तिनं मामांच्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि परत जागेवर बसली. पातेल्यात आवाज येऊ लागला. 

"नवं धाबं आतेच गळस," मामा सदरा झटकत म्हणाले, "मंग पावसाळामा काय करी?"

नानांचा चेहरा पडला होता.   निलेशनं एकदा वर बघितलं, एकदा बापाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "मामा, पाणी मी सोडलं. चुन्याला ओल हवी होती, माझा अंदाज चुकला. दोष धाब्याचा नाही, माझा आहे."

ज्या घरासाठी तो वर्षभर बापाशी भांडला, ते आपल्याला बांधता येत नाही असं त्यानं होऊ घातलेल्या सासरच्या माणसांसमोर कबूल केलं. मला वाटलं, आता नाना बोलतील. नाना बोललेही, पण घाबरलेल्या माणसासारखे.

"स्लॅब टाकसूत. पुढला मयनामा हे बठ्ठं काढीसन स्लॅब टाकसूत. आंडेरले तरास नही व्हवाना."

 निलेशनं खाली बघितलं. मला त्या क्षणी नानांचा इतका राग आला की हातातला चहाचा ट्रे मी जरा आपटूनच ठेवली.

मंडळींनी चहा घेतला. आमरस-मांडे नको म्हणाले, दर्शन व्हायचंय म्हणाले. निघताना मामा म्हणाले, "कळावतस आमी." लग्नाच्या बोलण्यात 'कळवतो' या शब्दाचा अर्थ सगळ्या महाराष्ट्रात एकच आहे, त्यासाठी अहिराणी यायला लागत नाही.

जीप गेली. निलेश फावडं घेऊन वर चढला आणि वाफ्याचे बांध फोडून साठलेलं पाणी काढू लागला. थोड्या वेळानं नाना शिडीच्या खाली जाऊन उभे राहिले.

"पानी मी सोडं," ते वर बघून म्हणाले.

"माहीत आहे," वरून आवाज आला, आणि फावडं पुन्हा चालू झालं.

दुपारी कुणी जेवलं नाही. रेखानं मांडे टोपलीत झाकून ठेवले. मी दिवे लावायचं सामान काढलं आणि परत पिशवीत ठेवलं. स्लॅब पडणार असेल तर भिंतीवरच्या दोन दिव्यांचा काय उपयोग? नाना ओसरीवर बसून होते. शिडीपासून परतल्यावर ते तिथून हलले नव्हते, अंघोळ नाही, पाणी नाही. मी त्यांच्याशी बोलणार नव्हते, पण त्यांच्याकडे बघून माझा राग टिकला नाही. पोराचं लग्न होत नाही या भीतीनं माणूस काय काय कबूल करून बसतो, ते मी दुकानातही पाहिलेलं आहे.

ऊन कलल्यावर रेखाचा फोन वाजला. ती बोलली आणि फोन नानांपुढे धरला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणते." नानांनी सवयीनं तो तोंडासमोर धरला, त्यामुळे ओसरीवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. निलेश दारात उभा होता, त्यानंही.

"नाना, मी वैशाली बोलस."

"बोल माय."

"मी तुमना पाया पडनू, तव्हय तुमना पायस्ले ओली माती व्हती. घोट्यापावत. पानी तुम्ही सोडेल व्हतं ना?"

नानांनी आमच्याकडे बघितलं. "व्हय माय. मीच सोडं."

"मंग त्यास्नी सोतावर काब्र लिन्हं?" का घेतलं, असं ती विचारत होती.

 नाना म्हणाले, "मन्हा पोऱ्या शे तो."

 मग ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं की काय ते मला नक्की सांगता येणार नाही, "मन्हाकडथून व्हय शे. मामाले मी सांगी दिन्हं. पन नाना, स्लॅब टाकू नका. घर बेस शे, गार शे. फक्त धाबाले आते पानी देवू नका."

फोन बंद झाला. निलेश दारातून आत गेला, तोंड लपवायला. रेखा रडत होती आणि रडता रडता टोपली उघडून मांडे काढत होती. मी पिशवीतून ते दोन दिवे बाहेर काढले.

नानांनी धोतराचा सोगा वर केला आणि स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. घोट्यापर्यंत पांढरट माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या.

"ताई," ते मला म्हणाले, "मी पाय धोयात नही, ते बरं झायं."